ठिणगीचा माग काढणारे आठल्येसाहेब

आठल्येसाहेबांची पहिली भेट झाली खिदिरपूरच्या गोदामाच्या आवारात, एका बंद ट्रॅक्टरशेजारी. मी बदली होऊन नुकताच कोलकात्यात आलो होतो; साहेब तिथले अभियंते. बाह्या सरसावून इंजिनावर वाकलेल्या साहेबांनी मान वर केली. "मराठी ना? या, हँडल मारा." एवढीच ओळख.

ट्रॅक्टर जुना, पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारा. आदल्या दिवशी विश्वकर्मा पूजेत यंत्रांची पूजा झाली, तेव्हापासून तो मुका झाला होता. संध्याकाळपर्यंत सुरू झाला नाही तर भंगारात, असे व्यवस्थापकांनी बजावले होते. ट्रॅक्टर गेला की चालक हरिपददांचे कामही जाणार होते.

"ठिणगी देणारी कॉइलच जळली, बाबू. सोडा आता," हरिपददा म्हणाले.

"दादा, नाडी न बघताच तेरावं घालता?"

साहेबांनी प्लग काढून इंजिनाला टेकवला. मी हँडल फिरवले; ठिणगी नाही. नव्या प्लगलाही नाही. मग त्यांनी कॉइलची तार इंजिनाजवळ धरली, आणि टच्‌कन निळी ठिणगी उडाली!

"कॉइल जिवंत आहे. ठिणगी निघते, पण वाटेत हरवते."

वाटेत होती ती चारही प्लगांना ठिणगी वाटून देणारी काळी टोपी.

"दादा, काल पूजेत काय काय केलंत?"

"गंगाजलाने न्हाऊ घातला, बाबू! बादल्या भरभरून!" हरिपददा अभिमानाने म्हणाले.

साहेबांनी टोपी उघडली. आत पाणी साचले होते. हरिपददांचा चेहरा उतरला. साहेबांनी टोपी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच पुसा. तुमचा देव आहे."

टोपी गमछ्याने पुसून उन्हात खडखडीत वाळवली, बसवली. मी हँडलला झटका दिला आणि इंजिन धडधडले! हरिपददांनी आवाराला विजयी फेरी मारली. भंगारवाल्याची गाडी रिकामी परतली.

"बिघाड काय होता?" व्यवस्थापकांनी विचारले.

"कोलकात्याची दमट हवा, दुसरं काय!" साहेब म्हणाले.

त्या उत्तरात मला साहेब पुरते कळले. यंत्राचा दोष ते शेवटपर्यंत शोधतात, माणसाचा मात्र पदराखाली झाकून घेतात. पुढच्या पूजेला त्यांनी स्वतः टोपीवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि म्हणाले, "आता घाला आंघोळ, मनसोक्त!"

हरिपददा आजही तोच ट्रॅक्टर चालवतात. सकाळी इंजिन सुरू झाले की हात जोडतात. ते कोणाला, हे मी कधी विचारले नाही. साठी पूर्ण करणाऱ्या साहेबांना परमेश्वराने उदंड, निरोगी आयुष्य द्यावे, म्हणून त्या नमस्काराशेजारी माझाही एक ठेवतो.