ज्याची चिमूट, त्याची मात्रा

१४ मार्च १९३८, सकाळी साडेसात. माझ्या सगुणाआत्याला मी अखेरचे औषध दिले ते या वेळी. दुपारी ती गेली. हगवणीने. किन्हीराजा आणि आसपासच्या गावांतली हगवण जिने आयुष्यभर थांबवली, तिचा शेवट त्याच दुखण्याने व्हावा, यात दैवाचा डाव पाहणारे पुष्कळ भेटले. मला तो दिसत नाही. दुखणे माणूस पाहून येत नाही, इतकेच.

तिचे औषध एकच, धायटी. फाल्गुनात रानातल्या उतारांवर हे झुडूप तांबड्या फुलांनी भरते. ती फुले सावलीत वाळवून, कुटून आत्या ताकातून देई. त्यांतले तुरट द्रव्य आतडे आवळते, हे मी नागपूरला रसायनशास्त्र शिकताना समजून घेतले. आत्या त्याला ‘बांधणे’ म्हणे. मतभेद होता तो मात्रेचा. पूड रोग्याने स्वतःच्या तीन बोटांनी उचलायची, हा तिचा नियम. लेकराची चिमूट लहान, गड्याची मोठी. एका जमीनदाराने मूठच भरली, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “पाटील, औषध घेऊन राह्यले का पेरनी करून राह्यले?”

मी सोनाराचा काटा आणून चिमटी तोलल्या. मात्रा देहाच्या मानाने पडते, हे मान्य केले. पण अशक्ताची चिमूट नेमकी गरजेच्या वेळी अपुरी भरेल, हेही मांडले. आत्या हसली. “मंग अर्धमेल्याले पैलवानाची मात्रा देशीन काय? सोसते तेवढंच हात उचलते, बाई.” वाद तिथेच राहिला... मिटवायची घाई दोघींनाही नव्हती.

त्या सकाळी मालेगावच्या डॉक्टरांना आणायला गेलेली बैलगाडी परतली नव्हती. आत्याची बोटे वाटीतल्या पुडीत शिरली आणि जवळजवळ रिकामीच वर आली. मी उरलेली मात्रा भरू लागले, तसे तिने माझे मनगट धरले.

“माह्या हाताले खोटं नोको पाडू. तोलाचं असन तं तोल, पन वाढवू नोको.”

त्या पकडीत जोर नव्हता. तरी मी ती सोडवली नाही. पूर्ण मात्रेने ती वाचली असती का, हे एका रोग्यावरून ठरवता येत नाही. सांत्वनाला आलेले ‘नाही’ म्हणतात, तेही पुराव्यावाचूनच.

आता लोक माझ्याकडे येतात. मी पूड पुढे करते आणि त्यांच्या बोटांकडे पाहत राहते... अशक्तांसाठी काय करावे, हे अजून ठरलेले नाही.

आत्याची चिमूट धडधाकटपणी आठ गुंजा भरे. त्या सकाळी, ताकात कालवण्यापूर्वी, मी तोलून लिहिले: दोन गुंजा.