अकरा कुस्त्यांची ओळख

आकाराम पैलवानाला नाथाजीच्या अंगाची खडान्‌खडा माहिती होती. डावा खांदा एकदा निखळलेला, डाव टाकण्याआधी उजवा पाय पुढं येतो, दमला की तोंडानं श्वास घेतो. चौदा वर्षांत दोघांच्या अकरा कुस्त्या झाल्या. पाच याच्या, पाच त्याच्या, आणि एक अंधार पडला म्हणून पंचांनी बरोबरीत सोडवलेली. पण नाथाजीला चहा गोड लागतो की फिका, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं!

त्याला कारण होतं. आकाराम खंडाळ्याकडचा, नाथाजी जतचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. आकारामाचे वस्ताद लालासाहेब सांगायचे, "ज्याच्यासंगं लढायचं त्याच्या घरचं पानी बी प्यायचं न्हाई. एका पंगतीला बसल्यालं कुनी बघितलं की लोक म्हनत्यात, नुरा!" नुरा म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती. पैलवानाला चोर म्हणा, एक वेळ ऐकून घेईल. नुरा म्हणालात तर गाव सोडून जाईल. लालासाहेब गेले, शब्द मात्र राहिला. जत्रेत दोघं दोन टोकांच्या मांडवांत जेवायचे. एकदा एकाच एस.टी.त सापडले, तर आकाराम मधल्याच फाट्यावर उतरून तीन कोस चालत गेला. येडेपणा? असेल की! पण इमानाचा येडेपणा होता.

आणि खरी गोष्ट सांगायची तर आकारामाला नाथाजी फार आवडायचा. नवव्या कुस्तीत आकारामाचं बोट निखळलं, तेव्हा नाथाजीनं कुणाला कळू न देता त्या हातावरची पकड सोडली आणि दुसरीकडून धरली. असल्या माणसाशी घटकाभर बोलत बसावं, एवढंच त्याच्या मनात होतं. मग दोघांनीही लंगोट खुंटीला टांगला, आणि सहा वर्षं भेटच झाली नाही. दोन पैलवानांना भेटायला कुस्ती सोडून निमित्त काय असणार?

ते निमित्त घेऊन आला विश्वजीत, सांगलीचा तिशीतला पोरगा. टीव्हीवर दाखवतात तसली, दोरांच्या चौकोनात दिव्यांच्या झगमगाटात चालणारी कुस्ती त्यानं आपल्याकडं सुरू केली होती. त्यात कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. त्याला हवी होती टॅग टीम. दोघांविरुद्ध दोघं. एकानं आत लढायचं, जोडीदारानं दोराबाहेर हात पुढं करून उभं राहायचं. आतल्यानं त्या हाताला हात लावला की तो बाहेर आणि हा आत. आकाराम-नाथाजीच्या या जोडीला त्यानं नाव दिलं 'दोन वाघ'. एका रानात दोन वाघ नांदत नाहीत, हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

"ठरवून लढनार व्हय?" आकारामाच्या बायकोनं, मनुबाईनं विचारलं.

"नाटक हाय त्ये. तमाशातल्या राजाला कुनी लबाड म्हनतंय का? आन नाथाजी ह्या खेपंला माझ्या बाजूनं हाय."

"तरीच! इस्त्रीचा सदरा घातलाय. लढाय न्हवं, सोयरीक जमवाय चाललायसा."

सोयरीक कसली जमतेय! कराडच्या खेळात आकारामानं मार खात खात, रांगत कोपऱ्यात यायचं आणि नाथाजीच्या हाताला हात लावायचा, असं ठरलं होतं. पण चालू कुस्ती सोडून, तेही रांगत, बाहेर पडायचं? आखाड्यात याला पळून जाणं म्हणतात. आकाराम जागचा हलला नाही. उलट समोरच्या जोडीतला जो पोरगा ठरल्याप्रमाणं जिंकणार होता, त्यालाच त्यानं खरोखरचं चितपट केलं. पोरगा बिचारा "काका, हे ठरलं नव्हतं!" म्हणून ओरडत राहिला.

विट्याला त्याच्या उलट. नाथाजी समोरच्या जोडीतल्या दोघांच्या खाली दबला होता. आकारामानं धावत आत जाऊन त्याला सोडवायचं होतं. पण चालू कुस्तीत बाहेरच्यानं हात घालणं म्हणजे पाप, हे आकारामाच्या हाडात मुरलेलं. तो दोर धरून उभा राहिला. लोकांतून एक म्हातारी ओरडली, "आवं, मानूस मरतंय की! जावा आत!" तरी पाय उचलला नाही. टाळी नाही, शिट्टी नाही. लोक शेंगा फोडत बसले. परतताना जीपमध्ये एक पुढं, एक मागं. वीस वर्षांची सवय, ती काय टॅग टीम म्हटल्यानं जाते?

"सांगलीत जमलं नाही तर मी जोडी मोडणार," विश्वजीतनं स्पष्ट सांगितलं. आकारामानं मनात हिशेब केला. जोडी मोडली की नाथाजी जतला, आपण खंडाळ्याला. मग तोंड दिसायचं ते कुणाच्या तरी दहाव्यालाच.

त्यानं मनुबाईला फोन लावला. ती म्हणाली, "लगीन झालं तवा बी तुमी वरीसभर 'पानी दे' आन 'जेवान वाढ' एवढंच बोललायसा. आवं, आदी आपुन हात फुडं करावा. म्होरला घेतोय का न्हाई बघावं तरी!"

सांगलीच्या मैदानात दुपारी ही गर्दी. आकाराम आत होता. ठरल्याप्रमाणं मार खाल्ला, पडला, आणि लालासाहेबांची मनातल्या मनात माफी मागून रांगत कोपऱ्याकडं गेला. दोराला धरून उठला आणि जन्मात पहिल्यांदा मदत मागायला नाथाजीपुढं हात केला.

नाथाजीनं तो हात बघितला. अकरा वेळा हा हात असाच समोर आला होता. अकराही वेळा त्याचा अर्थ एकच होता, कुस्ती सुरू करायची सलामी! त्यानं हाताला हात भिडवला, दोरावरून आत उडी टाकली, दणकन शड्डू ठोकला आणि आकारामाच्याच पायांत शिरून पट काढला.

आकाराम काही बोलणार होता. पण अंग कुठं ऐकतंय! अंगानं कधीच उलटा डाव टाकला होता. विरोधी जोडीतली पोरं बाजूला होऊन बघतच राहिली. पंचांनी शिट्ट्या फुंकल्या, त्या कुणाला ऐकू जाणार? सगळं मैदान उभं होतं. फेटे उडत होते. सात मिनिटं ते दोघं एकमेकांना सोडत नव्हते. शेवटी नाथाजीनं ढाक लावली आणि आकारामाची पाठ जमिनीला टेकवली. आकाराम उताणा पडून हसत होता. हरून एवढा आनंद त्याला कधी झाला नव्हता.

विश्वजीत आकारामाकडं धावत आला. "मामा, कमाल केलीत! आता पुढच्या रविवारपासून तुम्ही एकमेकांचे दुश्मन. एकदा हे जिंकतील, एकदा तुम्ही. मी लिहूनच देतो."

दर रविवारी नाथाजीची भेट! आकारामाला मोह झाला, नाही असं नाही. पण तो उठून बसला आणि नाथाजीला म्हणाला, "अकरा खऱ्या केल्या. ही बारावी बी खरी. आता तेरावी ह्या पोरानं लिवायची आन म्या तुला लिवल्यालं पाडायचं? तुझ्यासंगं नुरा मला जमायची न्हाई, गड्या."

"मला बी न्हाई," नाथाजी म्हणाला.

"मंग संपलं म्हनायचं."

"संपलं." नाथाजीनं खांदा चोळला. "आता कुस्तीच उरली न्हाई, तर नुरा म्हनाय कोन येतंय? चल जेवाय. वीस वर्सं झाली, तुझ्यासंगं जेवाय बसायचं मनात हाय."

विश्वजीतनं कपाळावर हात मारून घेतला.

खानावळीत दोघं समोरासमोर बसले. नाथाजीनं मिठासाठी हात पुढं केला आणि आकारामाचे खांदे आपोआप ताठ झाले. नाथाजी खदखदून हसला. "समोर बसलास की आंग शिवशिवतंय बग. हिकडं ये, शेजारी बस."

आकाराम ताट घेऊन त्याच्या बाकावर गेला. बसता बसता त्यानं विचारलं, "घरी कोन कोन हाय रं?"

"दोन पोरी." नाथाजीनं भाकरी मोडली. "थोरलीच्या लग्नाची पत्रिका तुझ्या नावानं लिवली हुती. धाडायचा धीर झाला न्हाई."

आकारामाचा घास हातातच राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं लपवलं नाही.

"आन धाकटीचं?"

"माघात हाय."

"पत्रिका नगं," आकाराम म्हणाला. "चार दिस आदीच येतो."