बधिर हाताला बसलेली लाथ

भुताखेतांचे किस्से रंगवून सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आता तुम्हाला हसायचं असेल तर खुशाल हसा... माझी पाळी आहे.

मी नाशिकरोडला स्त्रीरोगतज्ज्ञ होतो. चार वर्षांपूर्वी नसांच्या आजाराने आडवा झालो आणि उठलो तेव्हा उजवा हात कोपरापासून खाली बधिर. चटका बसला तरी फोड आल्यावरच कळायचं. ऑपरेशनं थांबली, मग दवाखानाही. बायको मुलीला घेऊन पुण्याला गेली — तिचा दोष नाही, मी तेव्हा माणसात नव्हतो. शेवटी गंगापूर रोडला मित्राच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये पेशंटचे फॉर्म भरायला बसलो. डाव्या हाताने, बालवाडीतल्या अक्षरात.

मागच्या वर्षी एका दुपारी कळवणच्या एक बाई मुलाला आणि नववा महिना लागलेल्या सुनेला, कविताला, घेऊन आल्या.

"डाक्टर, तुम्ही हितं? माझ्या पोरीचं बाळंतपण तुमच्याच हातचं. हिचं पोट कालपासून गप हाय. लय गुण हाय तुमच्या हाताला, एकडाव लावा ना."

हात गेलाय म्हणून सांगितलं, पण त्या ऐकेनात. कविता बाकावर निजली होती. सवयीने माझा उजवाच हात पुढे गेला.

आणि लाथ बसली. तळव्याच्या मधोमध, स्पष्ट! त्याच क्षणी कविता ओरडली, "आत्याबाई, हाललं!" मला रडूच फुटलं. तीन वर्षांनी त्या हाताला काहीतरी कळलं होतं. "हो, हललं. बाळ आहे," मी बोलून गेलो.

दहा मिनिटांनी मित्राने आत बोलावलं. ठोके नव्हते. बाळ जाऊन निदान दोन दिवस झाले होते.

आईने कूस बदलली की गेलेलं बाळही हलल्यासारखं वाटतं, हे मला माहीत आहे. पण कविता निश्चल पडली होती. आणि माझ्या हाताचं काय? न्यूरॉलॉजिस्टने नंतर टाचणी टोचून पाहिली... काही नाही. ते काम मी सोडलं. आता घरी बसून रिपोर्ट तपासतो, पेशंट समोर येत नाही. उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

पण छळतं ते वेगळंच. हॉस्पिटलला निघताना कविताने सगळ्यांसमोर विचारलं, "डाक्टर, ते हाललं व्हतं. तुम्हालाबी कळलं ना?"

सासू, नवरा, माझा मित्र — सगळे माझ्याकडे बघत होते.

"नाही," मी म्हणालो. "तुला धीर द्यायला बोललो होतो."

तिच्यावर विश्वास ठेवणारा त्या खोलीत मी एकटाच होतो.