हरण्याआधीच शिजवलेलं जेवण

हेन्री डाबरे यांच्यावर मी रागावले आहे आणि तो राग लपवायची मला काही गरज वाटत नाही. माणूस वाईट नाही. वसईहून सव्वीस वर्षांपूर्वी दुबईत आले, अल क्वोजच्या एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून लागले आणि आजही तिथेच आहेत. उन्हाळ्यात एसीचे किती फिल्टर खपतील हे ते मार्चमध्येच सांगतात आणि सप्टेंबरात फळीवर जेमतेम दोन-चार उरलेले असतात. मालक त्यांच्यावर खूश आहे. त्यांनी ही नजर गोदामातच ठेवली असती तर मला काही म्हणायचं नव्हतं.

पण त्यांना फुटबॉलचं वेड. आमच्या मुलींची शाळा आणि रस्त्यापलीकडची शाळा, या दोन शाळांच्या मोठ्या मुलींची मॅच दर जानेवारीत होते आणि महिनाभर पालकांना दुसरा विषय नसतो. पैसे लावून पैज घेणं इथे कायद्यात बसत नाही. म्हणून कधीतरी कुणीतरी रीत पाडली: हरलेल्या शाळेच्या पालकांनी घरी रांधून जिंकलेल्या मुलींना जेवू घालायचं. हे जेवण पूर्वी पुढच्या शनिवारी असायचं.

हेन्री दोन्ही शाळांच्या कुंपणाबाहेर उभे राहून प्रॅक्टिस बघतात, वहीत टिपून घेतात आणि मॅचआधीच्या बुधवारी व्हॉट्सॲप ग्रुपवर स्कोअरसकट निकाल टाकतात. अकरा वर्षांत एकदाही चुकले नाहीत. मग काय, लोक शहाणे झाले. निकाल ठाऊकच आहे तर आठवडाभर थांबायचं कशाला? हेन्रींनी ज्यांची हार लिहिली ते आदल्या दिवशीच कांदे चिरायला बसू लागले आणि भरलेले टोप गाडीत ठेवून मॅचला येऊ लागले. त्यात मीही होते.

यंदा हेन्रींची मुलगी ॲमंडा कॅप्टन होती. बारावीत, म्हणजे तिची ही शेवटची मॅच. आधीची तीन वर्षं ती रस्त्यापलीकडच्या शाळेकडून हरली होती. माझी उर्वी गोलकीपर, त्यामुळे ॲमंडा आमच्याकडे, सिलिकॉन ओएसिसला, सारखी यायची. एकदा पोहे खाता खाता म्हणाली, "जस्ट वन्स, आंटी. देन आय ॲम डन." पोरीला बाकी काही नको होतं, शाळा सोडण्याआधी एकदा जिंकायचं होतं. हे हेन्रींना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

तरी बुधवारी मेसेज आला. आपण ३-१ ने हरू. आपल्या लेफ्ट बॅकचा, झाराचा, घोटा अजून दुखतोय आणि त्यांची राइट विंगर फास्ट आहे, तिन्ही गोल त्याच बाजूने होतील.

मी तडक फोन लावला. "हेन्री, पोरगी तुमची कॅप्टन आहे. एक वर्ष गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"लतिका, खोटं कसं लिहू? लोक माझ्यावर डिपेंड करतात. घरी मिल्ड्रेडने चिकनची ऑर्डर पण दिली."

"आणि ॲमंडाला काय वाटेल?"

"ती समजदार आहे. फोरकास्ट आहे गं, त्यात पर्सनल काय?"

असा संताप आला की मी फोनच ठेवला. आणि शनिवारी सकाळी उठून साठ माणसांच्या पुलावाचे तांदूळ धुतले.

दरवर्षी टोप मॅच संपेपर्यंत गाडीतच असतात. यंदा गेटवरचा वॉचमन आडवा आला. "मॅडम, इधर पार्किंग मना है, गाडी पीछे रोड पे लगाओ." मागचा रस्ता चांगला लांब. हेन्रींनी गोदामातली ट्रॉली आणलीच होती. "यल्ला, चला, सामान आत्ताच आत नेऊ," म्हणाले. त्यांच्या बायकोने, मिल्ड्रेडने, टोप चढवले, मी डाव आणि ताटं घेतली. तिघं मैदानाच्या कडेने निघालो आणि मुली तिथेच वॉर्मअप करत होत्या, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्यांदा उर्वीने पाहिलं. मग झाराने. एकेक करत सगळ्या थांबल्या. त्यांनाही रीत माहीत होती. ॲमंडा चालत ट्रॉलीपाशी आली, एका टोपावरचा फॉइल उचलला आणि आत बघितलं.

"यू कुक्ड ऑलरेडी, डॅड?"

"गरम राहावं म्हणून आत आणलं, बाळा," हेन्री म्हणाले.

तिने फॉइल पुन्हा नीट दाबून बसवला आणि मैदानात गेली. टोप उचलून परत नेऊ, असं म्हणायची अक्कल तेव्हा कुणालाच झाली नाही. मलाही नाही.

मॅच ३-१ ने गेली. आमचा एक गोल ॲमंडाचा. २-१ असताना शेवटची दहा मिनिटं राहिली होती आणि ती एकटी त्यांच्या कीपरसमोर पोचली. बॉल वरून गेला. पाच मिनिटांनी तिसरा गोल बसला, झाराच्याच बाजूने.

लोकांनी हेन्रींना गराडा घातला. बारावं वर्ष, हेन्री, मान गये. ते लाजून हसत होते. माझ्या डोक्यात सणक गेली. अंदाज खरा ठरला की आम्ही टोप नाचवत आत नेऊन तो खरा करून दाखवला, हे आता कधीच कळणार नाही. त्यांच्या वहीत मात्र तो बरोबरच धरला जाणार.

जेवण वाढायला हरलेल्या मुली उभ्या राहतात. ॲमंडा चिकनच्या टोपापाशी होती. हेन्री ताट घेऊन तिच्यासमोर आले तेव्हा तिने डाव तसाच धरून विचारलं, "डॅड, व्हेन आय वॉज अलोन विथ द कीपर. डिड यू वॉन्ट मी टू स्कोअर?"

"ऑफ कोर्स," हेन्री म्हणाले.

पण लगेच नाही. आधी त्यांनी ताटाकडे बघितलं, मग मिल्ड्रेडकडे. ॲमंडा तेवढा वेळ थांबली होती. मग तिने त्यांच्या ताटात चिकन वाढलं आणि पुढच्या माणसाकडे वळली.

चांगलं सुनवायचं म्हणून मी पुढे झाले.  पण तिसरा गोल आठवला आणि मी मागे फिरले. तो बॉल उर्वीच्या हातातून निसटला होता. माझी मुलगी गवतावर पालथी पडली होती, आणि त्या क्षणी माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की बरं झालं, जेवण वाया जाणार नाही.

उर्वीने मला अजून काही विचारलेलं नाही. विचारलं तर मीही आधी ताटाकडेच बघेन.