धोंडीसाठी मागितलेला भेक

ओसरीतल्या पंख्याच्या दांडीवर बुलबुलानं यंदाही घरटं केलं, म्हणून पंखा बंद आहे. उकाड्यात तुमचे आजोबा पुठ्ठ्यानं वारा घेतात, पण कुरकुरत नाहीत. तुम्ही नातवंडंही फोनवर आधी पिल्लांची चौकशी करता. खरं तर बुलबुल इथे प्रत्येक कुंपणात आहे.

मागे मोरीजवळच्या दगडाखाली एक भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, राहतो. अंगभर चामखिळी, आवाज गंजक्या बिजागरीसारखा. त्याचा फोटो पाहून तुमच्यातली मोठी म्हणाली होती, आजी, ही जात नाहीशी होत चाललीय. त्यानंतर मी मोरीत फिनेल टाकणं बंद केलं. बाकी कुणी त्याचं कौतुक केलं नाही.

यंदा पाऊस लांबला, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी धोंडी काढायची ठरवली. कडुनिंबाच्या पाल्यात जिवंत बेडूक गुंडाळून मुसळाला बांधायचा आणि दारोदार फिरवायचा. प्रत्येक घरानं त्यावर पाणी ओतायचं, म्हणजे पाऊस येतो. पण नाला, केळीच्या बागांतले पाट धुंडाळूनही त्यांना बेडूक मिळेना. मग शेजारीण माझ्याकडे आली.

"बाई, तुम्हनी मोरीमा शे ना एक? आम्हले द्या."

"मरेल गं तो, दिवसभर बांधून फिरवलात तर."

"मरस कसा? पाणीच तर टाकतस त्यान्हावर!"

"नको. तो एकच उरलाय."

तिनं ओसरीत वर पाहिलं. "पाखरूसाठे पंखा बंद ठेवतस, बाई. आन् गावसाठे एक बेडूक नही निंघत?"

तिचा कापूस करपत होता, हे मला ठाऊक होतं. तरी मी नाहीच म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

त्यांनी मातीचा बेडूक केला. दुपारी धोंडी निघाली. मी भरलेली कळशी घेऊन पायरीवर उभी राहिले. समोरच्या दारी पाणी ओतलं, पलीकडच्या दारी ओतलं. आमच्या फाटकापाशी मुलं थबकली, तेव्हा शेजारणीनं त्यांना पुढे घातलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

पुढे पाऊस पडला, पण पेरणी दुबार करावी लागली. शेजारीण अजून कढीपत्ता मागायला येत नाही.

भेक आहे. पावसात रोज संध्याकाळी ओरडायचा. मी मागच्या दारात बसून कान देत असे. दुसऱ्या भेकाचा आवाज आला नाही.