कोंडा कुणी खाल्ला

आमच्या ह्यांना पास्त्याचं वेड लागलं ते मुलाकडे बंगळूरला राहून आल्यापासून. कोल्हापुरात परतल्यावरही आठवड्यातून तीनदा पास्ता, वर कांदा-लसूण चटणी. मग तपासणीत साखर निघाली आणि डॉक्टरांनी मैदा बंद करायला सांगितला. थोरल्या दिरांचा पाय साखरेनंच गेला होता. मी घाबरले, आणि मी घाबरले की घरच्यांवर ओरडते.

पास्ता पार सोडवला असता तर माणूस निम्मा झाला असता. मी मार्ग काढला. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, गव्हाच्या दाण्याचं चित्र फळ्यावर कितीदा काढलं असेल: बाहेर कोंडा, टोकाला अंकुर, मधे पिठाचा भाग. मैद्याच्या पास्त्यात तो मधला भागच उरतो. तो झटकन पचतो आणि साखर चढवतो. कोंड्यासकट केला तर पोटात चोथा जातो, साखर सावकाश चढते, भूकही लवकर लागत नाही. एवढं ठाऊक असताना दुकानातलं पाकीट कशाला? खपली गहू आणला. शेवयांचं यंत्र घरात होतंच, त्याला पास्त्याचा साचा बसवला.

तीन महिने ह्यांनी तो पास्ता निर्धास्त खाल्ला. मी स्वतः आग्रह करून वाढायचे. पुढच्या तपासणीत साखर आणखी वाढलेली.

मी सरळ ह्यांच्यावर घसरले. संध्याकाळी मित्रांत बसून काय चरता ते मला कळतं, असं सुनावलं. पेढे, जिलेबी, एकेकाचं नाव घेऊन विचारलं. खिसेसुद्धा तपासले, आज लिहिताना लाज वाटते. हे एकदाच म्हणाले, "खाल्लं न्हाय की गं काय." नंतर बोलणंच कमी केलं, संध्याकाळी बाहेर पडणंही सोडलं.

पंधरा दिवसांनी दूध घालायला आलेले गवळीमामा दारातच म्हणाले, "वहिनी, कोंडा हाय का अजून? म्हस लई खूश हाय त्याच्यावर."

मी पातेलं धरून तशीच उभी राहिले. आमच्याकडे शेवयांचा गहू म्हणजे ओलवायचा, दळायचा आणि पीठ वस्त्रगाळ करायचं. शेवई पांढरी झाली नाही तर गल्लीत नाव जातं, आणि माझी शेवई गल्लीत सगळ्यात पांढरी. यंत्राला पीठ लावायचं म्हटल्यावर माझ्या हातांनी दर वेळी तेच केलं होतं आणि निघालेला कोंडा मामांच्या पिशवीत भरला होता. शिकवलेलं सगळं डोक्यातच राहिलं. चांगलं ते म्हैस खात होती, आणि नवऱ्याला मी घरी केलेला मैदा वाढत होते.

हे आत वर्तमानपत्र वाचत होते. समोर बसून मी सगळं सांगितलं, कोंड्याचं, म्हशीचं. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ह्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला. साखरेचं, पायाचं एका शब्दानं विचारलं नाही.

"म्हंजे मी खोटं बोलत न्हवतो," हे म्हणाले. "एवढं पोराला फोन करून सांग. त्याला तू काय सांगितलंस, ते मी ऐकलंय."