पी ना बे

हर्षल,

तीन वेळा फोन केला, तू उचलला नाहीस. चौथ्यांदा करणार नाही. वाचनालयाच्या अंकासाठी ‘आपल्या भागातलं एखादं कर्तबगार माणूस’ असा विषय आला आहे. बाकीचे कुणा सभापतीवर लिहितील, नाहीतर परदेशी गेलेल्या पुतण्यावर. मी तुझ्यावर लिहिते आहे. तू कर्तबगार आहेस की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि तुला तर नाहीच नाही. पण एका गोष्टीच्या मागे सात वर्षं लागलेला दुसरा माणूस माझ्या ओळखीत नाही. काही चुकलं तर घरी येऊन तोंडावर सांग. लिहून कळवू नकोस, तुझं ऱ्हस्व-दीर्घ अजून कच्चं आहे.

इथून पुढे तुला ‘तू’ म्हणणार नाही. वाचणाऱ्यांना तू ठाऊक नाहीस, त्यांना पहिल्यापासून सांगायला हवं.

तर हा हर्षल मूळचा वरवट बकालचा. शिकायला चिखलीला मामाकडे राहिला, कॉलेजात माझ्या मराठीच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा, आणि पुढे चिखलीतच फोटो-व्हिडिओचं दुकान टाकून बसला. लग्नं, बारशी, मिरवणुका, सगळ्यांचं शूटिंग करतो. लोक त्याला शूटिंगवाला म्हणतात. कुणी चुकून सिनेमावाला म्हणालंच, तर तो स्वतःच आधी हसून घेतो, म्हणजे दुसऱ्याला हसायचं राहत नाही.

त्याची बायको सारिका दुकानाच्या पुढच्या भागात साड्यांना पिको-फॉल करते. जीभ मशीनच्या सुईसारखी. “लोकायच्या लग्नात तीन-तीन कॅमेरे लावता,” ती म्हणायची, “अन् सोताच्या पिच्चरले मुहूर्त सापडत नाइ.” लग्नसराई संपली की पाऊस, पाऊस संपला की सण, सण संपले की पुन्हा लग्नसराई. मधल्या फटींमधून त्याने सिनेमा केला. सात वर्षं लागली ती अशी.

सिनेमाचं नाव ‘गडवा’. गडवा म्हणजे आपला पाणी प्यायचा छोटा तांब्या, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही, पण अंक पुण्यालाही जातो म्हणून सांगते. वरवटचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारट, चहात दूध फाटतं, डाळ शिजता शिजत नाही. सोयरीक जुळवायला आलेला मुलीचा बाप शेती विचारायच्या आधी पाणी विचारतो. त्या पाण्यानेच किडन्या जातात असं गावातली माणसं सांगतात, आणि सांगताना घरोघरची नावं घेतात. हर्षलच्या सिनेमात एक म्हातारी आपल्या आजारी मुलासाठी माहेराहून, सातपुड्याच्या पायथ्यावरून, गोडं पाणी आणते. गोडं म्हणजे खारं नसलेलं, एवढंच. कॅन भरून आणते आणि त्याला गडव्याने पाजते. गोष्ट इतकीच. गाणं नाही, मारामारी नाही.

म्हातारीच्या कामासाठी त्याने दोन नाटकवाल्या बायका पाहिल्या. दोघी रडायच्या छान, पण गडवा धरायच्या फुलदाणीसारखा. शेवटी तो रुखमाबाईकडे गेला. जायची त्याला भीती होती. रुखमाबाईचा मुलगा दीपक शाळेत त्याच्याच बाकावर बसायचा. दीपकच्या किडन्या गेल्या, अकोल्याच्या फेऱ्या झाल्या, आणि एकतिसाव्या वर्षी दीपक गेला. त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. अशा बाईला कुठल्या तोंडाने विचारायचं?

रुखमाबाई वाल सोलत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

“त्या पिच्चरमंधी पोट्टं मरते काय?”

“मरते, मावशी.”

“मंग जमन मले. मले तेच येते.”

मुख्य प्रसंग एका दुपारी तिच्याच घरात घेतला. मुलगा तोंड फिरवतो, पाणी नको म्हणतो, आणि आई त्याला पाजते. हर्षलने वाक्य लिहून नेलं होतं: ‘पी बाळा, गोड पाणी आहे.’ त्याच्या वहीत मी वर्षभर ‘मले’ खोडून ‘मला’ केलं होतं, त्याचं हे पीक. रुखमाबाईने कागद वाचून घेतला आणि परत दिला.

“असं कोन बोलते रे बापू? मास्तरीन हाय का मी?”

“मंग तुमी कसं म्हनसान?”

“तू चालू कर तुह्यं यंत्र.”

त्याने कॅमेरा चालू केला आणि आवाज टिपायचं वेगळं यंत्रही. तिने फळीवरून पितळी गडवा काढला, भरला, त्या तरुण नटासमोर धरला आणि म्हणाली, “पी ना बे. गोडं हाय. तुह्यासाठीच आनलं.” पोरगा पीत नाही असं ठरलं होतं. तो पीत नव्हता, आणि ती गडवा धरून थांबली. किती वेळ थांबली याचं भान हर्षललाही राहिलं नाही. मग तिने गडवा खाली ठेवला आणि पदराने कड पुसली. हर्षलने भीत भीत विचारलं, “मावशी, अजून एकडाव घेऊ?”

“नाइ. दीपकले मी असंच म्हनो. हे एकडाव झालं, आता नाइ म्हनवत.”

जवळून टिपायला हवा म्हणून तो गडवा हर्षलने मागून घेतला. “ने,” ती म्हणाली, “पन काम झालं की आनून देजो. दीपकचा हाय.”

पुढच्या वर्षी पुण्याच्या एका संस्थेने सिनेमा आपल्या महोत्सवाच्या निवडीसाठी पाहायला मागितला. हर्षलने इंटरनेटवर चढवलेली प्रत दाखवली आणि स्वतः शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभा राहिला. पंचवीसेक माणसं होती. पहिला अर्धा तास शांत गेला. मग तो प्रसंग आला, रुखमाबाईने गडवा पुढे केला, म्हणाली, “पी ना बे,” आणि माणसं हसली.

वाईट हेतूने नाही. गुदगुल्या झाल्यावर हसतात तशी. आमची बोली त्यांनी ऐकलेली ती नकलांमध्ये आणि विनोदी कार्यक्रमांमध्ये. ‘बे’ आला की हसायचं, ही त्यांच्या कानाला लागलेली सवय. पडद्यावर चार मिनिटांनी मुलगा मेला, तेव्हाही दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर पुढच्या विनोदाची वाट होती.

नंतर संस्थेचे एक गृहस्थ त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “गोड भाषा आहे हो तुमची. आणि त्या आजींचं टायमिंग काय आहे! विनोदी अंगाने गेलात तर मोठं होईल हे.”

“सर, त्यात तिचा मुलगा मरते.”

“हो, ते शेवटी जरा अनपेक्षित वाटतं. गंभीरच ठेवायचं असेल तर मग भाषा तेवढी सरळ करून घ्या. आपण विचार करू.”

परतीच्या बसमध्ये हर्षल इंटरनेटवरच्या प्रतीतला तो प्रसंग मोबाईलवर पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता. दहाव्या वेळी त्याला स्वतःलाच ते गमतीचं वाटायला लागलं. ज्यापायी सात वर्षं घालवली ते मुळात गमतीचंच होतं की काय? दुसऱ्या कुणी केलं असतं तर लोक हसले नसते, मग चूक बोलीची की आपल्या हाताची? आपण लग्नंच बरी करतो. तिथे कुणी रडलं तर ते खरं असतं आणि आपल्याला त्यात काही करावं लागत नाही. बस वाटेत थांबली, माणसं चहाला उतरली. तो उतरला नाही. त्याने इंटरनेटवरची ती प्रत पुसून टाकली. लाज वाटली म्हणून.

मग मला फोन केला. “मॅडम, आपल्या बोलीत मानूस मेलं तर लोक हसतात काय?”

मी मेथी निवडत होते. म्हटलं, “हे बघ, लोकांना कळेल असं कर. पोहोचणं महत्त्वाचं.” कॉलेजात तीस वर्षं हे वाक्य वापरलं होतं. ते कुणाच्या हातात पडलं की काय होतं, हे कधी पाहिलं नव्हतं.

त्याने ऐकलं. पुण्यात एका चांगल्या आवाजाच्या बाईकडून रुखमाबाईचं सगळं बोलणं नव्याने बोलवून घेतलं. ‘पी ना रे, गोड आहे. तुझ्यासाठीच आणलं.’ एकही ओठ चुकला नाही. सिनेमा निवडला गेला, आडवेळेला दाखवला गेला, आठ-दहा माणसांनी पाहिला आणि कुणी हसलं नाही. रडलंही नाही.

त्याच दिवसांत वडनेर भोलजीला डिंपल नावाच्या मुलीच्या हळदीचं शूटिंग होतं. ऐन नाचात कार्ड भरलं. दुसरं कार्ड हाताला लागलं, आवाजाच्या यंत्रातलं, त्यावर ‘रुखमाबाई’ लिहिलेलं. ते कॉम्प्युटरवर उतरवलेलं आहे, असं म्हणून त्याने ते तिथल्या तिथे कोरं केलं आणि हळद घेतली. घरी येऊन पाहतो तर कॉम्प्युटरवरच्या ‘रुखमाबाई’मध्ये पुण्याची बाई बोलत होती. नवा आवाज उतरवताना त्याने तेच नाव दिलं होतं, आणि नव्याने जुन्याला गिळलं होतं. इंटरनेटवरची प्रत तर त्याने बसमध्येच पुसली होती. कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर थोडं काही होतं, पण शेजारी पिठाची गिरणी. त्या धडधडीमध्ये म्हातारीचे ओठच तेवढे हलत होते.

सारिकाने त्या दिवशी टोमणा मारला नाही. हर्षलला त्याचीच जास्त भीती वाटली.

आणि अशात वरवटहून बोलावणं आलं: आपल्या गावचा पिच्चर आहे, आपल्याला दाखव. नाही म्हणता येईना. शाळेच्या खोलीच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या, भिंतीवर चादर बांधली. रुखमाबाई नवं लुगडं नेसून पहिल्या सतरंजीवर बसली. स्वतःला चादरीवर पाहून तिने तोंडाला पदर लावला. मग तिने तोंड उघडलं, म्हणजे चादरीवरच्या तिने, आणि सतरंजीवरच्या तिने मागे वळून विचारलं,

“हे कोन बोलून राह्यली?”

“तुमीच हाय ना काकू,” कुणीतरी म्हणालं.

“मी असी बोलतो काय?”

कुणाचा तरी म्हातारा म्हणाला, “रुखमाबाई पुन्याले जाऊन आली वाटते.” खोली हसली. हर्षलला हे हसणं ओळखीचं होतं, फक्त या वेळी ते दुसऱ्या दिशेने आलं होतं.

ती शेवटपर्यंत बसली. लोक पांगल्यावर त्याच्याजवळ आली. रागावली असती तर बरं झालं असतं; रागाला पाया पडून उत्तर देता येतं.

“चांगली हाय रे ते बाई. शिकेल दिसते,” ती म्हणाली. “पन माह्यं बोलनं ठेवलं नाइ का तू?”

“हाय ना, मावशी. घरी हाय,” हर्षल म्हणाला. विचार करायच्या आत म्हणून गेला.

“मंग ऐकवजो मले एकडाव. दीपकले मी कसी म्हनो ते आता मले आठोतच नाइ. म्हनून पाह्यतो त बनेल, खोटं वाटते. तुह्या यंत्रात खरं निंगालं होतं.”

“हाव, मावशी.”

“अन् गडवा आनजो.”

खामगावला एक जण पुसलेलं कार्ड परत काढून देतो असं कळलं, म्हणून तो तिकडे गेला. त्या माणसाने दोन दिवस खटपट केली. निघाली ती हळदच. नाचणारी माणसं, बँडचा आवाज, आणि कुणीतरी ‘हळद संपली का?’ असं विचारतंय. हर्षलने कानाला यंत्र लावून ते सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मध्येच कुठेतरी एक ‘ना’ ऐकू आल्यासारखं वाटलं. तो डिंपलच्या आजीचा होता.

गेल्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला. पिशवीतून गडवा काढून ओट्यावर ठेवला. “मॅडम, तुमी नेऊन द्या. मी गेलो त ते ऐकव म्हनन.”

“खोटं तू बोललास आणि गडवा मी पोहोचवू?”

“तुमी म्हनलं होतं, लोकायले कळन असं कर.”

वर्गात त्याने कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. मग ठरलं की दोघांनी मिळून जायचं, गडवा द्यायचा, आणि आवाज गेला हे सांगायचं. सांगताना एकाची जीभ अडली तर दुसऱ्याने बोलायचं. मंगळवार धरला. त्या मंगळवारी त्याला साखरपुडा निघाला. पुढच्या वेळी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग लग्नसराई. मग त्याने फोन उचलायचं सोडलं, आणि खरं सांगायचं तर मीही तो उचलणार नाही अशाच वेळी करायचे. मधे एकदा रुखमाबाईचा निरोप आला, हर्षलकडून सारिकाकडे आणि सारिकाकडून माझ्याकडे: घाई नाही म्हणा, पण डोळे आहेत तोवर आणा.

गडव्याला आतून खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आहे. आमच्या कामवालीने परवा तो चिंचेने घासायला घेतला होता, मी हातातून काढून घेतला. कपाटावर ठेवला आहे. खामगावची एसटी सकाळी सव्वासहाला आहे, तिथून शेगाव, शेगावहून वरवट. वेळा लिहून कागद गडव्यातच घालून ठेवला आहे.